हरभरा म्हणजे राहा, बी म्हणजे जा

मला बोलताना कुणी मध्येच थांबवलं की डोक्यात तिडीक जाते. बायको म्हणते, हे दुखणं तुम्ही कतारमधनं आणलं. साफ खोटं. दुखणं जन्मापासूनचं आहे. कतारमध्ये फक्त त्यावर औषध निघालं होतं, आणि ते औषध म्हणजे दुधाच्या पावडरचा एक रिकामा पत्र्याचा डबा. तळाला खिळ्यानं भोक पाडलेलं. डबा पाण्यानं काठोकाठ भरायचा, खाली पातेलं ठेवायचं, ठिबकायला लागला की बोलायला सुरुवात करायची. डबा रिकामा झाला की गप्प. मग तुमचं वाक्य अर्धं राहो नाहीतर शिवी अर्धी राहो.

ही कल्पना मास्तरांची.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमच्या कंपनीनं दोह्यात मुशैरिब भागात एक जुनं घर भाड्यानं घेतलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, मधे अंगण, कोपऱ्यात पत्र्याखाली स्वयंपाकघर. आता तिथं काचेच्या इमारती आहेत म्हणे, असोत बापड्या. तेव्हा गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागायचं. त्या घरात आम्ही अकरा जण राहायचो, सगळे महाराष्ट्रातले. मी कराडकडचा, शटरिंगचा सुतार. स्लॅब ओतायच्या आधी फळ्यांचा साचा बांधतात ना, ते माझं काम.

मास्तर कंपनीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता कामावर आला नि गेला ते बघायचे. पण मूळचे हायस्कुलात इतिहास शिकवणारे. शाळेला अनुदान मिळेना, पगाराचा पत्ता नाही, म्हणून आले वाळूत. अंगानं काडी, आवाज खणखणीत, आणि छातीत दमा.

अकरा पुरुष एका घरात म्हटल्यावर काय होणार? रोज भांडण. टँकर आला तर टाकी कोण भरणार, अंगण कोण झाडणार, भाताला आज कुणाचा हात लागणार. माझा आवाज सगळ्यात मोठा, म्हणून बऱ्याचदा माझंच चालायचं. ते मला बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, मास्तर वैतागून म्हणाले, "अरे, पूर्वी ग्रीस देशात एकेक शहर म्हणजे एकेक राज्य होतं. त्यातलं अथेन्स नावाचं शहर आपला सगळा कारभार चिठ्ठ्या टाकून चालवायचं. आणि तुम्हाला अकरा माणसांचं घर चालवता येत नाही?"

"चिठ्ठ्या टाकून?" मी म्हणालो. "ज्याला काही येत नाही त्याचं नाव निघालं म्हणजे?"

"मग तो शिकतो. निवडून द्यायचं म्हटलं की ज्याचं तोंड मोठं तोच निवडून येतो," असं म्हणून मास्तरांनी सरळ माझ्याकडे बघितलं. सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण आतून जळलो.

तेव्हापासून दर शुक्रवारी आगपेटीच्या काड्या निघायच्या. जळकी काडी ज्याला येईल तो आठवड्याचा कारभारी. तंटा असेल तर अंगणात सभा. बोलायला डबा आणि ठरवायला माठ. प्रत्येकाच्या हातात एक हरभरा आणि एक खजुराची बी. होय असेल तर हरभरा, नाही असेल तर बी. मूठ माठात घालायची, वर टॉवेल झाकलेला. कुणी काय टाकलं ते कुणाला कळायचं नाही. मास्तर म्हणायचे, ग्रीक लोकांची पद्धत अगदी हीच नव्हती, पण त्यांनी बघितलं असतं तर खूश झाले असते. आणि देवाशपथ, घर चालायला लागलं. दोन महिन्यांत भांडणं निम्म्यावर आली.

आमच्यात बीडकडचे एक गवंडी होते, वयानं मोठे, त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्यांनी एकदा विचारलं, "मास्तर, त्या गावात समद्यांनाच मत होतं का?"

"नाही. बायकांना नव्हतं, गुलामांना नव्हतं. आणि बाहेरगावाहून येऊन राहिलेल्यांना नव्हतं. ते पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहायचे, राबायचे, कर भरायचे, लढाईतसुद्धा जायचे, पण सभेत बसायचं नाही. आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला गावातला एक नागरिक आपला पाठीराखा म्हणून दाखवावा लागायचा. नसला तर खटला."

"कफील!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

ज्याच्या नावावर आपला व्हिसा, ज्याच्या कपाटात आपला पासपोर्ट, तो कफील.  इतकी वर्षं वर्गात हे शिकवलं आणि आपण स्वतः त्यातलेच झालो हे मास्तरांच्याही ध्यानात आलं नव्हतं बहुतेक.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भाई म्हणाला, "तुमचा कफील निदान हितं हाय तरी."

आता भाईचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. भाई रत्नागिरीकडचा मुसलमान, गल्लीच्या तोंडाला एका चहाच्या हॉटेलात आचारी. हॉटेलचा मालक तोच त्याचा कफील. मालकाच्या वडलांचं दुखणं निघालं, त्यानं हॉटेलला कुलूप घातलं आणि वडलांना घेऊन परदेशी गेला. जाताना म्हणाला, परत आलो की सोडचिठ्ठीवर सही देतो, मग दुसरीकडे काम धर, इन्शाल्ला. हॉटेलमागची खोलीही कुलपात गेली. भाईजवळ ना काम, ना छप्पर, ना पासपोर्ट. असा माणूस रस्त्यावर पोलिसांना सापडला तर आधी कोठडी आणि मग विमान. पुन्हा या देशाचं तोंड बघायला मिळणार नाही.

त्याला आम्ही घरात घेतलं. तो स्वयंपाकघरात गोणपाट टाकून झोपायचा आणि आम्हाला जेवू घालायचा. अहो, त्याच्या हातची आमटी! जवळच्या वक्रा गावच्या कोळ्यांकडून कधी मासे आणले तर शेजारचे पठाण भिंतीवरून डोकवायचे. पण तो कंपनीचा माणूस नव्हता. त्याला काडी नव्हती, हरभरा नव्हता, बी नव्हती.

एका गुरुवारी कॅम्प बॉस साइटवर आला. कंपनीच्या सगळ्या माणसांची राहायची व्यवस्था बघणारा हा साहेब, हिंदी बोलायचा आणि प्रत्येक वाक्यात यल्ला, म्हणजे चला, घालायचा. म्हणाला, "मी ऐकलंय तुमच्या घरात बाहेरचा माणूस आहे. अकरा खाटांचं घर आहे. या आठवड्यात कधीही येईन. बारावं डोकं दिसलं की घर खलास, सगळे वाळवंटातल्या कॅम्पात." आणि जाता जाता मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तिथं मला टाइमकीपर पाहिजेच आहे. तू दोनदा नाही म्हणालास. या वेळी विचारणार नाही."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. दोह्यापासून लांब, दुखान गावाच्या रस्त्याला आत कुठंतरी तो कॅम्प होता. पत्र्याच्या खोल्या, चारी बाजूंनी उडणारी धूळ, डॉक्टर म्हणाल तर दोह्यात. मास्तरांनी पहिलं वर्ष तिथं काढलं होतं. एकदा त्यांना ट्रकमध्ये घालून दोह्याला आणलं, तेव्हा मी त्या ट्रकमध्ये होतो. ओठ निळे पडलेले, बोटं माझ्या मनगटात रुतलेली. दवाखाना येईपर्यंत हा माणूस हातात राहील की नाही याचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. काडी काढली आणि जळकी नेमकी मला आली.  भाई जुम्म्याची नमाज पढून आला, चुलीपाशी गेला, आणि आम्ही अंगणात बसलो. एरवी सभेला चेष्टामस्करी चालायची. त्या दिवशी कुणी पाय पसरूनसुद्धा बसलं नव्हतं.

मी डबा भरला. पहिले मामा बोलले. "मानूस चांगला हाय, त्येच्या हातचं खाल्लंय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर एका मानसापायी अकरा जनांनी धुळीत जायाचं का? मला ह्या वयात तिकडचं ऊन सोसायचं न्हाई." एवढं बोलून खाली बसले. पाणी अजून अर्धं होतं.

मग मास्तर उठले. म्हणाले, "मी आडपडदा ठेवत नाही. मी बी टाकणार आहे. हे घर कंपनीचं आहे आणि नियमही कंपनीचा आहे, ते एक. पण खरं कारण ते नाही. मला तिथं भीती वाटते. मी तिथं जगणार नाही असं मला वाटतं. भाईसाठी दुसरीकडे सोय शोधू, मी स्वतः दारोदार फिरेन. पण त्यांनी इथून जावं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा पुन्हा भरला की नाही तेही मला आठवत नाही. "वा मास्तर!" मी म्हणालो. "आम्हाला अथेन्स शिकवता, आणि वेळ आली की शेपूट घालता? दुसरीकडे सोय? कुठं? समुद्रात? अहो, भित्रे आहात तुम्ही, भित्रे! ज्याच्या हातचं खाता त्याला..."

"सुतार, डबा," कुणीतरी म्हणालं.

डबा रिकामा झाला होता. माझं वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. मास्तर खाली मान घालून बसले होते, छातीतनं बारीक शिट्टी वाजत होती.

मी कारभारी होतो, तेव्हा मी ठराव टाकला की ज्याच्याबद्दल चाललंय त्याला निदान बोलू तरी द्या. मास्तर म्हणाले, नियमात बसत नाही, त्याला मत नाही. मी म्हणालो, मत नाही, पण तोंड आहे की! शेवटी हात वर करून ठरलं आणि भाईला हाक मारली. तो पदराला पुसावेत तसे लुंगीला हात पुसत आला. मी डबा भरून त्याच्यासमोर ठेवला.

पाणी ठिबकायला लागलं. भाई बसला. एकदा आमच्याकडे बघितलं, मग डब्याकडे. बोलेना. मी मनात म्हणतोय, बोल की रे बाबा, काहीतरी बोल, बायकापोरांचं नाव काढ, पाया पड, काहीही कर. तो नुसता बसून. टप, टप, टप. ऊन डोक्यावर, अंगणात वारा नाही, आणि अकरा माणसं एका डब्याकडे बघत बसलेली. इतका लांब डबा मी आयुष्यात ऐकला नाही. शेवटचे थेंब राहिले तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "आमटीला फोडणी द्यायची रवलीय. जाव काय?"

 तो गेला. आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला.

माठ फिरला. एकेकाची मूठ टॉवेलाखाली जात होती आणि मी प्रत्येकाच्या मनगटाकडे बघत होतो, जणू शिरा बघून काही कळणार होतं. मग मी माठ परातीत उपडा केला. बिया घरंगळल्या, एक परातीच्या बाहेर गेली ती मामांनी उचलून आणून दिली. सहा हरभरे. पाच बिया. मी दोनदा मोजलं.

"राहिला!" मी ओरडलो. दोघातिघांनीच टाळ्या वाजवल्या. मास्तर उठले, मला वाटलं आता रागानं बाहेर जातील. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि म्हणाले, "भाई, तुमची पेटी इथं ओलीत ठेवू नका. माझ्या खाटेखाली जागा आहे." मला वाटलं टोमणा मारतायत. मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी शमाल सुटला. हा तिकडचा उत्तरेचा वारा, वाळू घेऊन येतो. आम्ही कामावरून परत आलो तेव्हा गल्ली पिवळी झाली होती, दातांत वाळू करकरत होती. मास्तर नाकाला ओला रुमाल धरून खाटेवर बसले होते. मी हातपाय धुतोय तोवर दाराबाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला आणि कॅम्प बॉस आत.

भाईला लपवायला वेळच मिळाला नाही. तो हातात डाव घेऊन अंगणाच्या मधोमध उभा. कॅम्प बॉस बोट दाखवत मोजत गेला. भाईपाशी थांबला.

"ये कौन है?"

आयुष्यभर मी बोलण्यात कुणाला हार गेलो नाही. त्या वेळी डबा नव्हता, पाणी नव्हतं, अडवायला कुणी नव्हतं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वळकट्या-पेट्या ट्रकमध्ये चाललेल्या दिसत होत्या. ज्यांनी बी टाकली असेल असं वाटत होतं त्यांच्याकडे मी बघितलं. आता यातला कुणीतरी म्हणणार, साहेब, आम्ही नको म्हणत होतो. एक शब्द पुरे होता. मामांचे ओठ हललेही.

मास्तर खाटेवरून उठले. रुमाल खिशात ठेवला. "मी आणलाय त्याला," म्हणाले. "माझा माणूस आहे. बाकीच्यांना मी विचारलं नव्हतं."

"तू?"

"साहेब, खाटा अकरा आहेत आणि डोकी बारा आहेत, हीच अडचण ना? मग मी जातो. तुम्हाला तिकडे टाइमकीपर पाहिजे. माझ्या खाटेवर हा झोपेल. घरात पुन्हा अकरा."

कॅम्प बॉसनं हनुवटी खाजवली. त्याला महिनाभर टाइमकीपर मिळत नव्हता, आणि आता स्वतःहून एक चालत आला होता. "आणि तुझा दमा?"

"तो येईल माझ्याबरोबर," मास्तर म्हणाले.

"यल्ला. सामान भर," साहेब म्हणाला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

मास्तरांचं सामान ते काय, एक पेटी आणि एक वळकटी. मी त्यांच्यामागं मागं. नेहमीसारखं ओरडलोच. "अहो, तुम्ही बी टाकली होती ना? तुम्ही तर नको म्हणत होता!"

"टाकली होती की. पण हरलो."

"मग?"

"मग काय सुतार? जिंकलेला माणूस ठराव पाळणारच. हरलेल्यानं पाळला नाही तर त्याला ठराव कशाला म्हणायचं?" एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

भाईनं पेटीचं कडं धरून ठेवलं होतं. "मास्तर, मी जातो. तुमी ऱ्हावा."

"तुम्हाला मत नव्हतं भाई," मास्तर म्हणाले, "तेव्हा तुम्हाला ठराव मोडताही येणार नाही." आणि हसले. पेटी सोडवून घेतली. मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

भाईचा कफील परत यायला थंडी उजाडली. त्यानं सही दिली, भाईला दुसरं काम लागलं, पुढं कित्येक वर्षं तो दोह्यात होता. मास्तर मात्र त्या घरात परत आले नाहीत. वर्ष काढलं आणि तिकडूनच विमानतळावर गेले, गावी. पण मला त्या पुढच्याच शुक्रवारचं सांगायचंय.

काड्या काढताना मामांनी आपल्या हातानं भाईसाठी एक काडी वाढवली. कुणी विचारलं नाही, कुणी हरकत घेतली नाही. सभा सुरू झाली आणि भाई डब्यापुढं येऊन बसला. या वेळी पाणी अजून नीट ठिबकायलाही लागलं नव्हतं, तोवर त्याचं बोलून झालं. दर शुक्रवारी एकानं कंपनीच्या ट्रकमधनं मास्तरांना जेवण घेऊन जायचं, स्वयंपाक भाई करणार. एवढंच. माठ फिरला. परातीत नुसते हरभरे पडले.

पहिल्या खेपेची काडी मला आली. आमटी, भात, तळलेला मासा, सगळं फडक्यात गच्च बांधून मी त्या ट्रकमध्ये बसलो. मास्तर पत्र्याच्या खोलीत दाराला ओलं पोतं लावून बसले होते. थोड्याच दिवसांत निम्मे झाले होते. मला बघून उठले, बोलायला गेले, पण श्वासच पुरेना, म्हणून हातानंच बस म्हणाले. मी फडकं सोडलं. त्यांनी दोन घास खाल्ले, डोळे मिटले, मग म्हणाले, "हे कुणी ठरवलं?"

"सभेनं. ठराव भाईनं मांडला. त्याला आता काडी आहे, माठही आहे."

मान हलली. बराच वेळ श्वास गोळा करत बसले. "किती विरुद्ध किती?"

"सगळे हरभरे मास्तर," मी म्हणालो. "एकही बी नाही."

त्यांचा घास हातातच राहिला. "एकही नाही?" त्यांनी पुन्हा दम घेतला, आणि कपाळाला आठ्या घालून, वर्गात पोरांना रागवावं तसं म्हणाले, "मग तुम्ही नीट चर्चा केलेली दिसत नाही."

मी हसायला लागलो, आणि हसता हसता मला रडू फुटलं. मास्तर भात कालवत होते, एक घास घ्यायचे, थांबायचे, मग पुढचा.